टोमॅटोची आखडलेली पाने आणि एक संशयी भिंग

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. माझ्या दांड्याचा काळा रंग उडाला आहे, काचेच्या कडेचा टवका गेला आहे आणि स्वभाव विचाराल तर पक्का संशयी. तो दोष माझा नव्हे. कारखान्यातून निघालो तो थेट एका हस्ताक्षर तपासनीसाच्या टेबलावर येऊन पडलो. ही सही खरी की खोटी, एवढेच तीस वर्षे पाहत आलो. भल्याभल्यांची वेलांटी थरथरलेली मी पाहिली आहे. साहेब चारचौघांत माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई.

साहेब निवृत्त झाले. मी ड्रॉवरात सुया-बटणांच्या शेजारी धूळ खात पडलो. त्याच सुमारास त्यांच्या तोंडात पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी तो कापून काढला आणि साहेबांनी तंबाखू सोडली. तसा शब्दच त्यांनी बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, दिला. रिकामे हात नकोत म्हणून परसात टोमॅटो लावले, भिंतीपासून नळापर्यंत अकरा रोपे. दोन वर्षे फळे धरली. तिसऱ्या वर्षी नळाजवळच्या रोपाची पाने आखडली, आणि मला बाहेर काढण्यात आले.

काय सांगू, जुना तपास पुन्हा सुरू! पाने उलटून पाहिली. मावा नाही, पांढरी माशी नाही, करप्याचे तपकिरी ठिपकेही नाहीत. पानावर फिकट आणि गडद हिरवी ठिगळे होती, आणि शेंड्याची पाने दोऱ्यासारखी बारीक झाली होती. आठवड्याने शेजारच्या रोपाचे तेच झाले. मग तिसऱ्याचे.

"हे आपोआप होत नसतं," साहेब म्हणाले. "यामागे कुणाचा तरी हात आहे."

भिंतीपलीकडे एक निवृत्त बसचालक राहत. ते फरशीच्या फटींतल्या तणावर औषध मारत. तणनाशकानेही टोमॅटोची पाने अशीच वाकडी होतात, हे साहेबांनी कुठेतरी वाचले होते. झाले! भिंतीवरून कडाक्याचे भांडण जुंपले.

"अहो, मी खाली वाकून फवारतो. तुमच्या झाडांशी माझं काय वैर?"

"ते मला भिंगातून दिसतंय!"

खरे तर मला तसले काही दिसले नव्हते. पण तीस वर्षांची सवय, मीही त्या माणसाकडे चोर म्हणूनच पाहिले. त्या दिवसापासून त्याने वाचून झालेले वर्तमानपत्र इकडे देणे बंद केले.

बाईंना हे सहन होईना. त्यांनी एक फांदी पिशवीत घातली, मला पर्समध्ये टाकले आणि रोपवाटिकेतल्या माळीकाकांना गाठले.

"आधी कुठलं रोप गेलं?" काकांनी विचारले.

"नळाजवळचं."

"आणि भिंतीजवळची?"

"ती ठणठणीत आहेत."

"मग शेजाऱ्याला कशाला बोल लावता? औषध वाऱ्याने आलं असतं तर भिंतीजवळची आधी गेली असती. हा विषाणू आहे, ताई. हातांनी पसरतो. बगलफुटी, ते पानांच्या बेचक्यातले कोंब, कोण खुडतं?"

"हेच. रोज सकाळी, नळापासून ओळीने."

"घरात तंबाखू आहे का कुणाला? तंबाखूतून तो बोटांवर येतो कधीकधी."

"नाही," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "होती. सुटली."

काकांनी फांदी पुन्हा पिशवीत घातली. मग हळूच म्हणाले, "रोगट रोपं उपटून टाका. याला औषध नाही."

बाई घरी आल्या त्या चप्पल न काढता परसात गेल्या. नळाजवळच्या खताच्या डब्यात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. तळाशी तंबाखूची डबी होती. साहेबांना परसाचा एवढा लळा का, ते मला तेव्हा कळले.

"अहो, ही कुणाची?"

साहेबांनी सवयीने भिंतीकडे पाहिले. मग मान खाली घातली. "सकाळची एकच चिमूट गं."

बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी मला पर्समधून काढले. "आ करा."

साहेबांनी उजेडाकडे तोंड केले. गालाच्या आत, खालच्या दाढेपाशी, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा चट्टा होता. नवा. बाईंनी मला आणखी जवळ धरून पुन्हा पाहिले, तो तिथेच होता. मित्रांनो, माझी काच खोटी निघावी असे मला जन्मात पहिल्यांदाच वाटले.

रोपे उपटून झाली आहेत. साहेब भिंतीपाशी जाऊन माफी मागून आले. सकाळी डॉक्टरांकडे जायचे आहे, आणि तिथे काय निघेल ते मला ठाऊक नाही.

माझे एवढेच मागणे आहे. मला खुशाल ड्रॉवरात टाका. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याच्यावर अधूनमधून थोडा संशयही घ्या, आणि वेळेवर घ्या. आमच्या बाईंनी तीन वर्षे नुसता विश्वास ठेवला.