मागच्या चाकाची हवा

पंक्चर चिकटवायच्या सोल्यूशनची चपटी ट्यूब त्याच्या चिमटीत दगडासारखी कडक लागत होती — वाळलं की काय? — वाळणारच, दर वेळी निघण्याआधी वाळलंय का ते पाहायला आपणच झाकण उघडत आलो, काळजीनेच ते वाळवलं. मोटरसायकल रस्त्याकडेच्या झाडाखाली उभी होती. मातीत फडकं, फडक्यावर टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, ठिगळं, घासकागद, हातपंप. आणि तो मागच्या चाकापुढे उकिडवा. अंगठ्याने टायर दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं... घट्ट होतं.

"मागं हवा कमी वाटतेय," असं तोच म्हणाला होता. वसतिगृहाच्या गावाची पाटी दिसली आणि तोंडातून निघून गेलं. खोटं बोलायचं तर ते निभावताही यायला हवं, आणि त्यात तो पहिल्यापासून ढ.

मुलगी पलीकडे दगडावर बसली होती, हेल्मेट मांडीवर घेऊन. बायकोची मुलगी. त्यांचं लग्न झालं तेव्हा ती दुसरीत होती, आणि आईच्या मागून तिने त्याच्याकडे असं पाहिलं होतं, की हा पाहुणा जेवून जाणार की राहणार... मग रविवारी तो तिला गाडीवर मागे बसवून हिंडवू लागला. बोलायला दोघांनाही जमायचं नाही, पण गाडीवर बोलावं लागत नाही; आणि पंक्चर झालंच तर पोर उन्हात ताटकळायला नको, म्हणून ही दुरुस्तीच्या सामानाची पिशवी. तिची आई हसायची — "अहो, फिरायला निघालात की गॅरेज टाकायला?" एवढ्या वर्षांत एकदाही पंक्चर झालं नाही. खरं सांगायचं तर त्याला वाटायचं, व्हावं एकदा. आपण चाक खोलावं, तिने पट्टी धरावी, दोघांचे हात काळे व्हावेत... मग काहीतरी बोलणं आपोआप निघेल. आणि आज, तिला वसतिगृहात पोचवायच्या दिवशीही, चाक इमानदार निघालं. तिची आई सामान घेऊन बसने पुढे गेली होती, वाट पाहत असेल. पुढच्या रविवारी मागे कुणी नसणार. हे सकाळपासून त्याला डाचत होतं, आणि सांगणार कुणाला?

"खूप कमी आहे का, काका?"

"तशी... बरी आहे." त्याचे कान तापले. "मलाच वाटलं असेल."

तो पट्ट्या गोळा करू लागला. ती उठून आली, चाकाशी बसली, तिनेही टायर दाबून पाहिलं. मग केसातली पिन काढली, व्हॉल्व्हची टोपी फिरवली, आणि पिनेचं टोक आत दाबून धरलं. फुस्स करत हवा निघत राहिली. टायर बसत गेलं. तो नुसता बघत राहिला.

"आता आहे कमी," ती म्हणाली. "आईला सांगते, उशीर होईल म्हणून."

फोनवर बोलताना तिने पाठ फिरवली होती. आवाज नेहमीचाच, पण मधेच एकदा तिने नाक ओढलं.

त्याने पंप जोडला. दट्ट्या खाली, वर, खाली... थांबावंसं आपल्याला एकट्यालाच वाटतं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. किती वेडा! ती येऊन शेजारी मातीतच मांडी घालून बसली.

"सावकाश भरा," ती म्हणाली.

त्याला हसू आलं, आणि दट्ट्या त्याने आणखी हळू दाबला. टायर हळूहळू टणक होत होतं, व्हायला नको होतं तरी होत होतं. डाचणं काही गेलं नव्हतं. पण ते आता दोघांचं होतं, आणि हवा भरता भरता त्याला चक्क बरं वाटत होतं.