माळावरची डाळिंबं

मार्चच्या पगाराची स्लिप हातात पडली तेव्हा हौसरावाला वाटलं, दुसऱ्याच कुणाची आली. पण नाव त्याचंच होतं. पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइम सगळं बरोबर. खाली इन्कम टॅक्सच्या रकान्यात मात्र एवढा आकडा, की हातात उरलं ते महिन्याच्या किराण्यालाही पुरलं नसतं.

"साहेब, काय तरी चुकलंय," तो पगाराच्या खिडकीशी म्हणाला.

"चुकलं नाही. नव्या पगारकराराचा फरक एकरकमी मिळाला ना तुला? वर्षाचं उत्पन्न वर गेलं. मार्चला सगळा टॅक्स कापतात. जास्त गेला असेल तर रिटर्न भर, परत मिळेल."

"कवा?"

"वर्ष तरी जाईल."

फरकाच्या पैशांत त्यानं गावाकडं, न्हावऱ्याच्या घरावर स्लॅब टाकला होता. आणि आई, सोजराबाई, दौंडच्या एका खासगी दवाखान्यात तळमळत होती. लेकीकडं म्हणून गेली, तिथंच पोट फुगून दगड झालं. आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशन आजच व्हायला हवं, आधी डिपॉझिट भरा, असं डॉक्टरांनी सकाळी सांगितलं होतं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं तर वाटेत काही झालं तर जबाबदारी तुमची, असंही वर ऐकवलं. कामगार विम्याचं कार्ड होतं, पण पगार मर्यादेच्या वर गेला तसं ते बंद झालं होतं.

त्यानं कारखान्यातल्या दोघातिघांना उसने मागून पाहिले. सगळ्यांच्याच स्लिपा तशाच. शेवटी अर्धी रजा टाकून त्यानं न्हावरं गाठलं आणि तात्याबाच्या बंगल्यात जाऊन उभा राहिला.

तात्याबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. रांजणगावच्या कंपन्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या त्याच्या, नदीकाठच्या वीटभट्ट्या त्याच्या, दौंडातलं लॉज त्याचं. गावात मात्र तो स्वतःला साधा शेतकरी म्हणवून घ्यायचा.

"तात्या, आईचं आज ऑपरेशन हाय. पगार समदा टॅक्समधी गेला. तेवढी नड भागवा."

तात्याबा हसला. "टॅक्स? तुला? आरं, मला एक रुपया लागत न्हाई, आन् तुझा पगार गिळला?"

"तुमच्या गाड्यांचं उत्पन्न?"

"ते समदं शेतीचं हाय. शेतीला टॅक्स नसतो, ठावं न्हाई तुला?" त्यानं आत बघून कुणाला तरी चहा सांगितला. मग खुर्ची पुढं ओढून आवाज उतरवला. "पैसं घिऊन जा. परत बी देऊ नगं. फकस्त एक कर. तुझा तो माळ मला खंडानं कसायला दिलाय, असा कागद करून दे. तीन वरसांपास्नं. त्यात मी डाळिंब काढतो, असं."

हौसरावाच्या बापानं मेंढरं विकून घेतलेला तो माळ. वीतभर खणलं की खाली नुसता मुरूम.

"तात्या, तिथं कुसळाबिगर काय उगवत न्हाई."

"कागदावर उगवंल की."

आपला टॅक्स हातात यायच्या आधीच कापला जातो, आणि ह्या माणसाचा टॅक्स वाचवायला आपल्याच बापाचा माळ द्यायचा. उठून चालतं व्हावं, असं त्याला फार वाटलं. पण कानात बहिणीचा फोनवरचा आवाज होता : दादा, आई आता कण्हत बी न्हाई रं.

त्यानं सही केली.

ऑपरेशन झालं. सोजराबाई वाचली. पैसे कुठून आणले, हे तिनं घरी आल्यावर विचारलं तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं.

"तुझ्या बानं त्या माळावर हिरीसाठी दोनदा खणलं," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढच्या हिवाळ्यात पुण्याहून इन्कम टॅक्सचा एक तरुण अधिकारी जीप घेऊन आला. तात्याबानं दाखवलेली डाळिंबाची बाग त्याला बघायची होती. माळावर हौसरावाला बोलावणं आलं. तात्याबाचा मुनीम आधीच येऊन थांबला होता. त्यानं हौसरावाला बाजूला घेतलं. "बाग रोगानं गेली, म्हणून उपटली, असं सांग. तेल्या पडला म्हण."

अधिकाऱ्यानं बुटाच्या टोकानं मुरूम उकरला. "इथं डाळिंब होतं?"

खोटं बोललं तर हौसरावाची सुटका होती. पण गेल्या मार्चला त्या खिडकीशी जो राग गिळला होता, तो अजून आतच होता.

"न्हाई साहेब. कवाच नव्हतं. आईच्या ऑपरेशनला पैसं पायजे व्हतं, म्हणून सही केली."

मुनीम मान खाली घालून निघून गेला. अधिकारी वहीत लिहीत राहिला. लिहिता लिहिता म्हणाला, "माझाही टॅक्स पगारातूनच कापतात." मग वही मिटली. "पण खोटा कागद तुम्ही दिलाय. तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल."

नोटीस दोघांना आली. तात्याबानं पुण्यात मोठा सीए दिला. गट नंबर लिहिताना कारकुनाची चूक झाली, बाग दुसऱ्याच गटात आहे, असं त्यानं मांडलं, आणि प्रकरण अपिलात गेलं. तात्याबाच्या धाकानं गावात हौसरावाशी बोलणारं कुणी उरलं नाही. पाण्याच्या टँकरवरही सविताला, त्याच्या बायकोला, शेवटी उभं राहावं लागायचं.

सुनावणीच्या दिवशी बिनपगारी रजा टाकून तो पुण्याला गेला. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसला. तात्याबा आला नव्हता. त्याचा सीए आला, आत गेला, हसत बाहेर आला. हौसरावानं शिपायाला विचारलं, "माझं नाव कवा पुकारणार?"

"तुमचं आज नाही व्हायचं. पुढची तारीख घ्या."

"आन् मला काय शिक्षा हुईल?"

शिपाई दिवे घालवायला आत गेला. हौसराव रिकाम्या बाकावर बसून राहिला. उठून जायचं कुठं, तेच त्याला कळत नव्हतं.