कडीची पकड

त्र्यंबकरावांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला, घड्याळ पाहिलं आणि स्विच बंद केला. बावीस मिनिटं. आर्क दिवा एकदाही फडफडला नव्हता. हे संशयास्पद होतं.

डब्लिनमधल्या त्यांच्या गॅरेजात एकशेचाळीस वर्षांचा तो दिवा अकरा महिने नेमाने फडफडत आला होता. कार्बनच्या दोन कांड्या, मधल्या फटीत उजेड. कांड्या जळत जातात, फट वाढते. तेव्हा वरची कांडी केसभर खाली सोडायची आणि पुन्हा धरायची, हे काम एका पितळी कडीचं. कडी झिजून गुळगुळीत झाली होती. सोडायची मन लावून. धरणं तिला जमत नव्हतं. आणि आज अचानक जमत होतं.

तासाभरात म्युझियमच्या मिसेस कार्व्हर येणार होत्या. सगळे भाग मूळचे निघाले, तर दिवा मुख्य दालनात आणि खाली पाटीवर त्र्यंबकरावांचं नाव. एक जरी भाग नवा निघाला, तर दोन्ही नाही.

मित्र उल्हासकडे लेथ मशीन होतं. ‘नवी कडी करून देतो’ म्हणून तो इतके महिने मागे लागला होता. त्र्यंबकरावांनी फोन लावला.

“खरं सांग. माझ्या गॅरेजमध्ये येऊन कडी बदललीस?”

“मी? यार, परवापासून शिकागोला आहे, नातवाकडे.”

“पुरावा?”

“व्हिडिओ ऑन करू? डायपर बदलतोय.”

त्र्यंबकरावांनी डायपर पाहून घेतला. मग भिंग लावून कडी तपासली. कडी जुनीच होती. आतल्या कडेला मात्र लालसर काहीतरी बसलं होतं.

“कुंकू आहे ते,” चहा घेऊन आलेल्या शोभाताई म्हणाल्या. “काल खंडेनवमी नव्हती का? गाडीला लावलं, लॅपटॉपला लावलं, डिशवॉशरला लावलं. ह्यालाच वगळू?”

“पण थेट कडीला?”

“अहो, तुम्हीच सांगत असता, सगळा जीव त्या कडीत आहे म्हणून. चांगलं पाण्यात कालवून लावलं, नीट बसावं म्हणून.”

बाहेर गाडी थांबली.

मिसेस कार्व्हर यांनी दिवा अर्धा तास जाळून पाहिला, मग एकेक भाग तपासला. सगळे मूळचे. कडीशी त्या थबकल्या.

“हे लाल काय आहे?”

“जुनंच असेल,” त्र्यंबकराव म्हणाले.

“पकड यावी म्हणून त्या काळच्या कारागिरांनी लावलेला लेप! कुठेच नोंद नाही ह्याची. मी लेख लिहिणार.” त्यांनी कापसाच्या काडीने थोडं टिपलं आणि काडी छोट्या पिशवीत बंद केली. “आणि दुरुस्तीत आणखी कुणाचा हात? पाटीवर लिहायला.”

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला.

“एकट्याचंच काम.”

शोभाताई रिकामे कप उचलून घरात गेल्या.

मिसेस कार्व्हर निघाल्या तेव्हा शोभाताई कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या.

“घरी आलेल्या बाईला आम्ही असं पाठवत नाही,” त्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, आणि त्यांनी पाहुणीच्या कपाळावर ऐसपैस कुंकू लावलं.

मिसेस कार्व्हर हसल्या, गाडीत बसल्या, कपाळ पाहायला आरसा वळवला. बराच वेळ पाहत राहिल्या. मग पर्समधून ती छोटी पिशवी काढून त्यांनी आरशाशेजारी धरली.

गाडीचं दार पुन्हा उघडलं.