तंबाखूच्या डबीतला ट्रे

आवाज दबका येत असेल तर सांभाळून घ्या, मी डबीत बंद आहे. मी प्लॅस्टिकचा एक पारदर्शक ट्रे, शालिग्रामभाऊंच्या खालच्या दातांवर बसणारा. वरच्या दातांचा माझा जोडीदार माझ्याच अंगावर उपडा पडलाय. तो काही बोलत नाही, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडेच आलं.

गावातले लोक मला कवळी म्हणतात. डोकं फिरतं माझं. कवळी येते दात गेल्यावर. मी आलो ते दात जाऊ नयेत म्हणून.

संग्रामपूरजवळच्या एका गावात भाऊंची संत्र्याची बाग आहे. भाऊंनी जन्मभर तंबाखू मळून गालात धरला आणि त्याच गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग किरणांचे शेक झाले. शेकांनी आजार गेला, पण तोंडातली लाळही आटली. लाळ नसली की दात किडायला कितीसा वेळ लागतो? आणि शेक लागलेल्या जबड्यातला दात उपटणं म्हणजे जिवाशी खेळ. जखम भरत नाही, हाड सडायला लागतं. म्हणून शेक सुरू व्हायच्या आधीच अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भाऊंच्या दातांचं माप घेतलं, प्लास्टरचा जबडा केला आणि त्यावर गरम प्लॅस्टिक दाबून मला घडवलं.

भाऊंच्या बायकोला, पुष्पाबाईंना, त्यांनी सगळं नीट समजावलं. संध्याकाळी जेवण झालं की दात घासायचे, माझ्यात फ्लोराइडच्या जेलचे थेंब टाकायचे, मला दातांवर चढवायचं आणि थोडा वेळ गप्प बसायचं. मग जेल थुंकायचं. त्यानंतर अर्धा तास खाणं नाही, पाणी नाही, चूळसुद्धा नाही. मला थंड पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायचं, सुकवायचं आणि भोकं असलेल्या डबीत ठेवायचं. "गरम पाणी अजिबात नको, वाकडा होतो," हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

पुष्पाबाईंचा हात मायेचा. उष्टी वस्तू म्हणून शेजारणीनं नाक मुरडलं तर म्हणाल्या, "नवऱ्याच्याच तोंडातलं हाये, काय बिघडते?" मला धुऊन-पुसून त्या भाऊंच्या हातात द्यायच्या. ठेवायचं काम भाऊंचं.

तिथंच घोळ झाला. जेलला असतो गोडसर वास, आणि भोकांच्या डबीत शिरल्या मुंग्या. भाऊंनी काय करावं? माळ्यावर पडलेली आपली जुनी तंबाखूची डबी काढली, पुसली, आम्हा दोघांना त्यात कोंबलं आणि झाकण दाबून न्हाणीच्या कोनाड्यात साबणामागे ठेवली. मुंगी सोडा, वारासुद्धा शिरेना. पुष्पाबाईंना मात्र सांगितलं नाही. त्या डबीचं नाव काढलं तरी त्या भडकतात.

अरे बाप्पा, काय तो वास! कोपऱ्याकोपऱ्यात जुना तंबाखू मुरलेला. मी नीट न सुकताच आत जायचो आणि तो वास माझ्या अंगात भिनत गेला. जीव नुसता गुदमरतो. आणि भाऊ तरी कसे! डबी उघडली की मला लगेच बाहेर काढत नाहीत. आधी डबी नाकाशी धरतात, डोळे मिटतात. खात मात्र नाहीत, चिमूटभरही नाही. मीच तर त्या दातांवर बसतो, मला कळणार नाही का?

एका संध्याकाळी मला धुता धुता पुष्पाबाईंचा हात थांबला. त्यांनी मला नाकाशी नेलं. मग ओसरीवर बसलेल्या भाऊंकडे पाहत राहिल्या. दुधाच्या भांड्याला वास लागला की करतात तसं त्यांनी पाणी उकळलं आणि माझ्यावर ओतलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना आठवलंच नसेल, इतक्या त्या घाबरल्या होत्या. मी मागच्या बाजूनं वाकडा झालो.

तेव्हापासून मी नीट बसत नाही. मागच्या दाढेपाशी फट राहते आणि जेल तिथून वाहून जातं. भाऊंना ते कळतं, पण ते सांगत नाहीत. सांगितलं तर ट्रे वाकडा कसा झाला हे निघेल, मग वास कुठून आला हेही निघेल. पुष्पाबाईंना वाटतं, यांनी पुन्हा तंबाखू धरला. त्याही विचारत नाहीत, कारण उत्तर ऐकायची हिंमत नाही. दोघं एकमेकांना चहा देतात, संत्र्याच्या बहाराचं बोलतात आणि मूळ गोष्ट तेवढी टाळतात. मला खरं काय ते सगळं माहीत आहे आणि मी इथं अडकून पडलोय. फार असहाय वाटतं हो.

त्या दाढेवर काळा ठिपका आलाय. तो वाढतोय.

थांबा, झाकण उघडतंय. हा हात भाऊंचा नाही, बांगड्या वाजताहेत.

पुष्पाबाईंना डबी सापडली. त्यांनी ती तळहातावर पालथी केली, तर आम्ही दोघंच पडलो. त्यांनी डबीचा तळ नखानं खरवडून पाहिला. काही निघालं नाही. तशाच त्या आम्हाला डबीसकट घेऊन ओसरीवर भाऊंसमोर गेल्या.

"हे काय हो?"

"मुंग्या लागत होत्या." ऑपरेशनपासून भाऊंचं तोंड दोन बोटंच उघडतं, शब्द अर्धवट येतात.

"अन् तंबाखू?"

"खाल्ला नाई वं. वास घेतो फक्त."

पुष्पाबाईंनी मला पुढं केलं. "मले वाटलं, तुमी पुन्हा त्याच वाटेले लागले. म्हनून उकळतं पानी ओतलं याच्यावर. बसत नाई ना आता हा?"

"नाई बसत. दाढ दुखून राह्यली."

"मंग सांगतलं काऊन नाई? मी तुमची कोन आहो?"

"तू तरी कुठी विचारलं?"

"भेव वाटे मले," म्हणून पुष्पाबाई रडायला लागल्या. भाऊंनी त्यांच्या हातातली डबी घेतली, नाकाशी न नेता उठले आणि ती उकिरड्यावर टाकून आले.

सकाळच्या पहिल्या गाडीनं दोघं अकोल्याला जाणार आहेत. पुष्पाबाईंनी मला कोरड्या रुमालात बांधलंय. डॉक्टरीणबाई मला हातात घेतील, वळवून बघतील आणि कचऱ्यात टाकतील. मग भाऊंना तोंड उघडायला सांगतील. पुष्पाबाई, माझ्या जागी नवा ट्रे येईल, त्याला थंड पाण्यानं धुवा, मोकळी हवा द्या; आणि भाऊ, मुंग्या लागल्याच तर बायकोला सांगा. आणि डॉक्टरीणबाई, माझं काहीही करा, पण ती दाढ काढावी लागेल असं म्हणू नका.