हनुवटीवरचे तीन ठिपके

सहलवाल्यांनी छापलेल्या कागदावर तीनच गोष्टी होत्या: धबधबा, देऊळ आणि जंगलातल्या लोकांची वस्ती. बसमधल्या बावीस जणांपैकी एकवीस जण धबधब्यासाठी आले होते. पेन्सिलबाईला जायचं होतं ते वस्तीत, आणि वस्तीसाठी कागदावर वेळ लिहिली होती पाऊण तास.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी भर पावसात डोंगरात जायची हौस हिला कुठून आली, असं घरातल्या प्रत्येकाने एकेकदा विचारून झालं होतं. एकटीला कुणी सोडेना. शेवटी नणंद सोबत निघाली. तिचं वय अडुसष्ट, पण गुडघे तिच्यापेक्षा मोठे. बसमध्ये चढल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं. मागच्या बाकावरच्या दोन निवृत्त मास्तरांना तिने पहिल्या तासातच आपलं रक्तदाबाचं औषध, सुनेचा स्वभाव आणि बस कुठे थांबली तर बरं, हे सगळं सांगून टाकलं. पेन्सिलबाई खिडकीशी बसून होती. मांडीवरच्या पिशवीत मेणकापडात गुंडाळलेले सहा फोटो होते. सहाही एकाच मुलीचे.

पेन्सिलबाई हे नाव तिला स्टुडिओत पडलं. नवरा फोटो काढायचा आणि ती ते सुधारायची. त्या काळी फोटोतला माणूस कसा दिसावा हे एकट्या कॅमेऱ्यावर सोडत नसत. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, उतरत्या लाकडी चौकटीत दुधी काच बसवलेली होती. खाली आरसा, आरशातून वर फेकला जाणारा उजेड, आणि काचेवर निगेटिव्ह. सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने ती त्यावर बारीक बारीक रेघा काढत जाई. फोटो छापून येई तेव्हा देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं गेलेलं असे. लग्न जमत नसलेल्या मुलींच्या आया फोटो बघून तिचे हात धरत. डाग दिसला की हात आपोआप चालायचा, विचारायला थांबायचा नाही. त्याचा तिला अभिमान होता.

नवरा दर पावसाळ्यात कॅलेंडरसाठी धबधब्याचे फोटो काढायला डोंगरात जाई. एका वर्षी तो वस्तीतल्या लोकांचेही फोटो काढून आला. त्यात एक नऊ-दहा वर्षांची पोर होती. ओले केस कानामागे सारलेले, ओठ घट्ट मिटलेले, आणि डोळे असे की आता हसेल किंवा पळून जाईल. ती निगेटिव्ह पेन्सिलबाईने दोन दिवस घेऊन बसून केली होती. फोटो इतका देखणा आला की नवऱ्याने मोठा करून दर्शनी काचेत लावला. येणारा-जाणारा थांबून बघायचा. पुढच्या पावसाळ्यात नवरा वस्तीत गेला तेव्हा एक प्रत सोबत घेऊन गेला. परत आला तेव्हा पोरीच्या आईने फोटो ठेवून घेतला, एवढंच त्याने सांगितलं. मग काचेतला फोटो उतरवून आत ठेवला. का, असं तिने विचारलं, तर म्हणाला, ऊन लागून पिवळा पडेल.

एकतीस वर्षांनी, शेवटच्या आजारात, दवाखान्यातल्या पलंगावर त्याने बाकीचं सांगितलं. त्या पोरीच्या हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते. त्या लोकांत प्रत्येक मुलीला आठव्या वर्षी तिची आजी ठिपके गोंदवते, आणि एकीचे ठिपके दुसरीसारखे नसतात. कुणाचे जवळजवळ, कुणाचे तिरके, कुणाचा एक ओठाला लागून. मेल्यावर पलीकडची माणसं ठिपक्यांवरून आपलं माणूस ओळखतात, असं ते मानतात. तो फोटो घेऊन गेला, त्याआधी दोन महिने पोर ओढ्याच्या पुरात वाहून गेली होती. ती सापडलीच नाही. आईने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ठिपके कुठे आहेत?

"मी सांगितलं, उजेडात दिसत नाहीत," नवरा म्हणाला. "तू पुसलेस असं नाही सांगितलं."

मला तरी सांगायचं, असं ती म्हणाली. त्याला धाप लागली होती.

तो गेल्यावर तिने घर उलटंपालटं केलं. निगेटिव्ह मिळाली असती तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसून काढता आली असती, ठिपके जिथल्या तिथे वर आले असते. पण निगेटिव्हचे डबे कधीच ओल लागून एकमेकांना चिकटले होते, आणि ते तिनेच भंगारात टाकले होते. राहिला होता तो काचेतला मोठा फोटो. तो घेऊन ती फोटोच्या दुकानात गेली. दुकानदारीण भली होती. कॉम्प्युटरवर ठिपके काढणं दोन मिनिटांचं काम आहे म्हणाली, फक्त कुठे काढू ते सांगा. पेन्सिलबाईने डोळे मिटून ती निगेटिव्ह आठवून पाहिली. हजारो चेहरे आठवले. त्यातला एकही डाग आठवला नाही. तिने सहा प्रती काढून घेतल्या, कारण एकुलत्या एका प्रतीवर कुणी शहाणा ब्रश टेकवत नाही. पिशवीत शाईची वडी आणि तीन केसांचा ब्रशही ठेवला. पोरीची आई जिवंत असेल तर ती जागा दाखवेल, आणि जे आपण पुसलं ते आपल्याच हाताने परत काढून देऊ, एवढ्यासाठी ती निघाली होती.

धबधब्यापाशी सगळे चिंब झाले. पाणी इतकं होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे नणंदेचे हाल झाले. पेन्सिलबाईने वरून पडणारं पाणी न बघता खाली वाहत जाणारं बघितलं. ओढा गढूळ होता आणि त्यातून एक आख्खं झाड मुळांसकट चाललं होतं.

देवळाच्या ओल्या पायऱ्यांवर बसून चपला काढताना तिने नणंदेला पहिल्यांदा सगळं सांगितलं. नणंद चप्पल हातात धरून ऐकत राहिली.

"दादाने एकतीस वर्षं पोटात ठेवलं?"

"ठेवलं."

"मला तर साधं वाढदिवसाचं गुपित ठेवता येत नाही," नणंद म्हणाली, आणि चप्पल पुन्हा पायात घालून तशीच बसली. दोघीही आत गेल्या नाहीत.

तेवढ्यात सहलवाला छत्री सावरत आला. ओढ्याला पाणी चढतंय, वस्ती रद्द करू या, त्याऐवजी सगळ्यांना गरम चहा, असं त्याने जाहीर केलं. निम्म्या लोकांना हायसं वाटलं. पेन्सिलबाई उठायच्या आत नणंद उठली होती. छापलंय ना तुम्ही कागदावर, तिने विचारलं, मग छापताना पावसाळा आहे हे ठाऊक नव्हतं? मास्तरांनाही तिने आपल्या बाजूला ओढलं. शेवटी वीस मिनिटांवर तडजोड झाली. बाकीच्यांनी बसमध्ये बसायचं, या दोघींनी जाऊन यायचं, आणि हॉर्न वाजला की निघायचं.

वस्तीत शिरताच पहिल्याच घरातल्या बाईने फोटो बघून ओळखीची मान डोलावली. ही माझी नणंद, ती म्हणाली, मी या घरात आले त्याच्या आधीच गेली. सासूबाई आत आहेत. एवढं ऐकून पेन्सिलबाईची नणंद दारातच थांबली. तू जा वहिनी, मी इथे हॉर्नकडे कान ठेवते, म्हणाली.

घरात एकच खोली होती. चुलीवर ओली लाकडं धुमसत होती, दोरीवर न वाळणारे कपडे होते. म्हातारी छोट्या खिडकीखाली पाय पसरून टोपली विणत होती. पेन्सिलबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. जी वाक्यं तिने रस्ताभर मनात रचली होती, त्यातलं एकही आठवेना. मग तिने सरळच सांगितलं. तुमच्या मुलीचा फोटो काढणारा माझा नवरा. तो खोटं बोलला होता. ठिपके फोटोत आले होते. ते मी पुसले, मला वाटलं डाग आहेत.

म्हातारीने विणणं थांबवलं. ती रागावली नाही, हेच पेन्सिलबाईला जड गेलं. तिने हात लांब करून पत्र्याच्या डब्यातून आपला फोटो काढला. कडा झिजलेल्या होत्या, पण चेहरा स्वच्छ होता. त्याच्यावर बोटसुद्धा कधी ठेवलेलं दिसत नव्हतं.

"आता काढशील ठिपके?" तिने विचारलं.

"तुम्ही जागा दाखवा. मी काढते."

वडी भिजवली. म्हातारीने बोट टेकवलं, जरा सरकवलं, परत आणलं. पेन्सिलबाईने पहिल्या प्रतीवर तीन ठिपके काढले. म्हातारीने फोटो खिडकीजवळ धरला आणि नाही म्हणाली. ही माझ्या चुलतबहिणीसारखी दिसते. दुसऱ्या प्रतीवर ठिपके जरा खाली घेतले. नाही. तिसरीवर एक ओठाच्या जवळ, दोन खाली. चौथीवर तिरके. म्हातारी प्रत्येक वेळी आधी घाईने फोटो घ्यायची आणि मग सावकाश खाली ठेवायची. पाचव्या वेळी तिने बोट टेकवलंच नाही.

"मला आठवत नाहीत गं," ती म्हणाली. "आधी आठवायचे. पण रोज हा फोटो बघायचे. बघता बघता हीच बसली डोळ्यांत. आता स्वप्नात येते तीही अशीच येते, कोरी."

पेन्सिलबाईने ब्रश खाली ठेवला. तिला माफी मागायची होती, पण एवढ्याशा शब्दात ती मावेना. सहावी प्रत मेणकापडातच राहिली. चार मुली, प्रत्येक वेगळी, जमिनीवर वाळत पडल्या होत्या.

मग म्हातारीने हनुवटी वर केली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"तुझी नजर डाग शोधणारी. बघ, माझे आहेत का अजून? सुनेला विचारते तर ती आहेत आहेत म्हणते, न बघताच."

पेन्सिलबाई पुढे सरकली. आयुष्यभर तिने चेहरे काचेवर पाहिले होते, इतक्या जवळून जिवंत चेहरा क्वचितच. दोन हिरवट ठिपके फिकट पसरलेले दिसत होते. तिसरा कुठेच दिसेना. खोटं बोलणं सोपं होतं.

"दोन दिसतात," ती म्हणाली.

म्हातारीने आपणच दोन बोटांनी हनुवटीची कातडी खाली ओढून ताणली. सुरकुती उलगडली. "आता?"

पेन्सिलबाईने चष्मा वर सरकवून पाहिलं. सुरकुतीच्या तळाशी, तिळाएवढा.

"आहे. तिसरा आहे."

"मग झालं," म्हातारी म्हणाली. "मला पलीकडे तिला ओळखता येणार नाही. तिने मला ओळखलं म्हणजे झालं. तिचे डोळे चांगले होते."

बाहेर हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. दारातून नणंदेने हाक मारली. पेन्सिलबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. ओले चार फोटो तिने एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वेगवेगळे धरले, कोऱ्या राहिलेल्या दोन प्रती म्हातारीच्या डब्याजवळ ठेवल्या. म्हातारीने त्या परत तिच्या हातात दिल्या. माझ्याकडे एक आहे, म्हणाली. तिने पुन्हा टोपली ओढून घेतली, पण विणायला सुरुवात केली नाही.

बसमध्ये सगळे गरम चहाच्या गोष्टी करत होते. नणंदेने तिला खिडकीची जागा दिली, आपला कोरडा टॉवेल खांद्यावर टाकला आणि हळूच विचारलं, जमलं का वहिनी?

"नाही," पेन्सिलबाई म्हणाली.

नणंदेने तिच्या हातातले ओले फोटो घेतले, एकेक बघितला, आणि पुढच्या उतारापर्यंत, कधी नव्हे ती, एक शब्दही बोलली नाही.