लिटरमागे दोन गोळ्या

धुरपताने कार्ब्युरेटरची खालची वाटी सोडवली आणि आतलं पेट्रोल काचेच्या बशीत ओतलं. वाटीच्या तळाला पांढरे, पातळ पापुद्रे चिकटले होते. तिने इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या बारीक भोकात टाचणी घालून पाहिली. ती आत शिरली नाही. मग तिने जेट उन्हाकडे धरला. पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.

"काय आहे?" तेजरामने दारातूनच विचारलं. तो तिचा धाकटा भाऊ. मोटारसायकल त्याचीच, पण तीन दिवस तो गाडीजवळ फिरकला नव्हता.

तिने एक पापुद्रा बोटांत चुरडला आणि हात त्याच्याकडे केला. वास आल्याबरोबर त्याने मान फिरवली.

"डांबरगोळी," ती म्हणाली.

"परसरामनं रॉकेल मिसळलं होतं. सारा गाव तेच म्हणून राहिला."

"रॉकेलचे असे पापुद्रे नाही होत."

"मंग गावाले म्हणू दे नं, ताई."

ही गाडी त्याने भादव्यात नागपूरहून जुनी आणली होती. आधीच्या मालकाने वेगासाठी तिचं पिस्टन बदललं होतं. तेव्हापासून तिला त्र्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल लागायचं, आणि ते नागपूरला मिळायचं. इथे दिघोरीत परसराम पिंपातून विकायचा ते त्र्याऐंशीचं. जरा भार पडला की डब्यात गोटे हलवावेत तसं इंजिन आतून खडखडायचं. मेकॅनिकने गाडी विकून टाका म्हणून सांगितलं होतं. धुरपता हायस्कूलात विज्ञान शिकवायची. ठिणगीची ज्योत सगळीकडे पोचण्याआधीच पेट्रोल दाबाने आपोआप पेटतं, म्हणून हा आवाज येतो, हे तिने भावाला वहीत आकृती काढून समजावलं. मग त्यावरचा उपायही सांगितला. कपड्यांत ठेवतात त्या डांबरगोळ्या कुटायच्या, पेट्रोलात विरघळवायच्या, ते फडक्यातून गाळून घ्यायचं. लिटरमागे दोन.

आवाज गेला. गावात काही दिवस लोक तिला गाडीची डाक्टरीण म्हणत होते, आणि ते तिला आवडलंही होतं.

द्रव उडून जातो आणि विरघळलेलं मागे राहतं, हे ती दर वर्षी सातवीच्या वर्गात मिठाचं पाणी आटवून दाखवायची. उभ्या राहिलेल्या गाडीत, थंडीच्या दिवसांत, नेमकं तेच होईल हे तिने तेजरामला सांगितलं नव्हतं. तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

धानाच्या चुरणीत, मळणीच्या दिवसांत, गाडी आठ दिवस अंगणात उभी होती. नवव्या दिवशी पहाटे शेजारच्या यादोरावने दार ठोठावलं. त्याची बायको रुखमिणी बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. दवाखान्याची जीप आणायला तेजराम निघाला. दोन मैलांवर, कालव्याच्या पुलाशी, गाडी बंद पडली. किक मारून मारून त्याच्या पायाची साल निघाली. मग तो पळत गेला. जीप आली तेव्हा अंगणात ऊन पसरलं होतं आणि बाया रडत होत्या. मुलगी जगली.

धुरपताने पापुद्रे पुन्हा पाहिले. दोन गोळ्यांनी एवढं साचायला नको होतं. तिने मनात आकडे मांडले, पुन्हा मांडले, आणि सोडून दिले. पेट्रोल किती उडालं हे कुणी मोजलं होतं?

"मी यादोभाऊले सांगतो," ती म्हणाली.

"पागल झाली का तू? नोकरी जाईन तुही. अन् तो माह्या जीवावर उठन."

"परसरामची पिंपं फोडली ना लोकांनी काल?"

तेजराम दारातून निघून गेला.

दुपारी यादोरावनेच तिला बोलावून घेतलं. अंगणात बोऱ्यावर सात-आठ माणसं बसली होती. परसराम फाटक्या सदऱ्याने फाटकाजवळ, जमिनीवरच बसला होता.

"बसा जी, मास्तरीणबाई," यादोराव म्हणाला. "ठाणेदाराले अर्ज द्याचा आहे. तुमचं अक्षर साजरं आहे."

"लिहा, का ह्यानं रॉकेल मिसळून बाई मारली," म्हातारा गोमाजी म्हणाला.

"नाही मिसळलं जी मी. लेकराची आन घेतो."

"तुही आनबी रॉकेलातच भिजली असन, लेका."

कुणीतरी हसलं आणि यादोरावकडे पाहून गप्प झालं.

"पेट्रोलात खोट नव्हती, यादोभाऊ," धुरपता म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखाच निघाला. "मी गाडीत डांबरगोळ्या घालाले सांगितलं होतं. त्याच जेटमध्ये अडकल्या. मी आता खोलून पाहिलं."

"लुगड्यात ठेवतेत त्या?" गोमाजीने विचारलं.

"हाव."

यादोरावने मागे घराच्या दाराकडे पाहिलं.

"रुखमीच्या पेटीतबी आहेत त्या," तो म्हणाला. "त्यानं कोनी मरते का, बाई? तुमी शिकलेल्या माणूस, तुमच्या हातून कशी चूक होईन? तुमाले परसरामची दया येऊन राहिली. येऊ द्या. पण लिहा."

कुणीतरी तिच्यासमोर पाट ठेवला, त्यावर कागद आणि पेन. शाईचा पॅड आधीच उघडलेला होता. यादोरावने अंगठा त्यावर दाबून घेतला आणि हात पुढे धरून बसला.

ती लिहू लागली. तेजराम केव्हातरी येऊन तिच्या मागे उभा राहिला होता. तिने एकदाही खाडाखोड केली नाही.

"वाचून दाखवा," गोमाजी म्हणाला. "सारे आयकतीन."

धुरपताने कागद उचलला.

"'मी, खाली सही करणारी, विज्ञान शिक्षिका, लिहून देते की, माझा भाऊ तेजराम याच्या मोटारसायकलीला जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आवश्यक होते. ते गावात मिळत नसल्याने, पेट्रोलात डांबरगोळ्या घालण्यास मी त्याला सांगितले. गाडी त्यामुळेच बंद पडली. परसराम यांच्या पेट्रोलात दोष आढळला नाही. गोळ्यांचे प्रमाण लिटरमागे दोन...'"

"दोन नाही, ताई."

ती थांबली. मागे वळून पाहिलं नाही.

"दहा," तेजराम म्हणाला. "दोनानं आवाज गेला. मले वाटलं, दहानं अजून जोरात पळन."

परसरामने मान वर केली.

यादोरावचा शाई लागलेला अंगठा अजून कागदाच्या दिशेने तसाच पुढे होता. त्याने धुरपताकडे पाहिलं, मग तेजरामकडे.

"काय दहा?" त्याने विचारलं.