निळे धागे

समुद्रतळाचा गाळ काढायला मरिसा तुस्कानो स्वतः पाण्यात उतरायची. मूळची वसईची, आता आखातात; राहायला अल बर्शाला, नोकरी रास अल खोरमधल्या एका लॅबमध्ये. किनाऱ्यावरच्या एका प्लास्टिक कारखान्याला सरकारने आसपासच्या तळाची तपासणी करून घ्यायला लावलं होतं आणि ते काम या लॅबकडे आलं होतं. दोन हिवाळे मरिसाने तळात नळ्या ठोकल्या, गाळ वर आणला, मिठाच्या दाट पाण्यात ढवळून तरंगून आलेलं प्लास्टिक वेगळं केलं. कारखान्याचं पाणी जिथे समुद्राला मिळतं, तिथल्या गाळात तिला साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे पांढरे दाणे सापडले, कारखान्याचा कच्चा माल. थरावर थर.

लॅबचे प्रमुख धनंजय केळकर अबू धाबीच्या कॉन्फरन्समध्ये यावर बोलून आले. तिचं नाव कुठेही नव्हतं. ती विचारायला गेली.

"मरिसा, सॅम्पल तू आणलीस, ग्रेट," ते लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाले. "पण सायन्स म्हणजे नुसती बुडी मारणं नाही."

ते वाक्य घरी, गाडीत, मासळीबाजारात तिच्याबरोबर फिरत राहिलं.

शेवटचा रिपोर्ट आपल्याच नावावर जावा म्हणून केळकरांनी उरलेली सगळी सॅम्पल स्वतः तपासायला घेतली. लॅबमध्ये एसी कडक. ते निळं, केसाळ, कृत्रिम लोकरीचं जॅकेट घालून मायक्रोस्कोपवर वाकायचे. नियम असा की अंगावर सुती कोट हवा आणि शेजारी एक रिकामी बशी उघडी ठेवायची. हवेतून, कपड्यांतून काय पडतंय ते त्या बशीत कळतं. केळकरांना घाई होती. त्यांनी कोटही घातला नाही, बशीही ठेवली नाही.

"बघ," त्यांनी एकदा तिला बोलावलं. "निळे धागे. प्रत्येक सॅम्पलमध्ये. पूर्ण किनाऱ्यावर. हेडलाइन आहे ही."

मरिसाने मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग तिने त्यांच्या बाहीकडे पाहिलं.

सर, जॅकेट काढा. एवढंच म्हणायचं होतं. ती म्हणाली, "छान आहे, सर."

दुसऱ्या दिवशी ते यायच्या आधी तिने एका बशीत ओला फिल्टर पेपर घातला आणि त्यांच्या टेबलावरच्या शेल्फवर ठेवला. संध्याकाळी पाहिलं, तर बशीत निळे धागेच धागे. झाकण लावून तिने ती लॉकरमध्ये ठेवली. पुढचे काही आठवडे केळकर उत्साहाने मोजत राहिले आणि ती शेजारच्या टेबलाशी बसून बघत राहिली. सांगायची गोष्ट ती रोज गिळायची, आणि रोज ती तिला गोड लागायची.

रिपोर्ट सादर झाला तेव्हा सरकारी अधिकारी होते, लॅबचे मालक होते, कारखान्याकडून नबिला नावाची बाई आली होती. केळकरांनी मोठ्या स्क्रीनवर निळे धागे दाखवले. आज सूट घालून आले होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मरिसा उठली.

"सर, रिकाम्या बशीत काय सापडलं?"

केळकर थांबले. "म्हणजे?"

"प्रत्येक सॅम्पलशेजारी ठेवायची असते ती. तुमच्या टेबलावरची मी आणली आहे." तिने बशी अधिकाऱ्यांसमोर सरकवली. "हे धागे समुद्रातले नाहीत. सरांच्या जॅकेटचे आहेत."

केळकरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न केला, पण झाकण निघेना. मरिसा ते बघत उभी राहिली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग नबिला बोलली. "याचा अर्थ या लॅबची मोजणी भरवशाची नाही. आम्ही रिपोर्ट स्वीकारू शकत नाही."

"धागे चुकीचे आहेत," मरिसा घाईने म्हणाली. "पांढरे दाणे खरे आहेत. ते तळातून मी स्वतः काढले. जॅकेटमधून दाणे पडत नाहीत."

"लॅब स्वच्छ नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलंत ना?" नबिलाने अधिकाऱ्यांकडे पाहिलं. ते मान हलवून फाइल बंद करत होते. बाहेर पडताना तिने आभार मानत मरिसाचा हात हातात घेतला. "शुक्रन. तुम्ही फार प्रामाणिक आहात."

केळकरांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. सामान भरताना ते मरिसाच्या टेबलाशी थांबले.

"तू मला एकट्याला येऊन सांगू शकली असतीस."

"हो," ती म्हणाली. "शकले असते."

काम दुसऱ्या लॅबकडे गेलं. त्यांनी कारखान्यापासून बऱ्याच लांबचा गाळ काढला, तिथे फारसं काही निघालं नाही. मरिसाने मालकांना विचारलं, पुन्हा सॅम्पलिंग करू या का. ते म्हणाले, "खलास, मरिसा. झालं ते पुरे."

एका शनिवारी ती स्वतःचा डायव्हिंगचा सूट घेऊन कारखान्याकडे गेली. किनाऱ्यावर आता कुंपण होतं. गनी नावाच्या पहारेकऱ्याने गाडी अडवली.

"मॅडम, परमिट?"

परमिट त्या कामासोबतच गेलं होतं. तिने गाडी वळवली. जाळीपलीकडे कारखान्याचं पाणी समुद्रात पडत होतं, आवाज रस्त्यापर्यंत येत होता. केळकरांचा तो चेहरा आठवला की तिला अजूनही बरं वाटायचं. आत्ताही वाटलं, आणि त्याचाच तिला राग आला.